लसाविमधला ल

पहिलं छापील पान हातात आलं तेव्हा माझी नजर आधी अपूर्णांकांवर गेली. अंश वर, छेद खाली, मधली रेघ दोघांना बरोबर पुरणारी. बत्तीस वर्षं फळ्यावर खडूने जे काढत आले ते कागदावर जसंच्या तसं उतरलं होतं. मग पान वरून वाचायला घेतलं. प्रकरणाचं नाव होतं ‘लसावि आणि मसावि’. त्यातलं पहिलंच अक्षर परकं आलं होतं.

तो ल उभ्या दांडीचा होता. उजवीकडे सरळ दांडी, डावीकडून तिला येऊन मिळणारं वळण. हिंदीच्या पुस्तकात असतो तो. आपल्या ल ला उजवीकडे दांडी नसते. शिरोरेषेतून मधोमध एक देठ खाली येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या पडतात. पुढे ‘शेकडा’ होता, त्यातला श तसाच. मराठी श चा डावा भाग शिरोरेषेला देठाने लोंबतो, फांदीला फळ लोंबावं तसा. इथे तो देठ नव्हता. मग मी पेन्सिल घेऊन बसले आणि त्या एका पानावरचे सगळे ल आणि श गोल करत गेले. लांबी, शेवट, मूल्य, उदाहरणाला, शून्य, खालील. एकूण त्रेचाळीस गोल झाले.

ही पुस्तिका मी पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी करत होते. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर जवळच्या वस्तीवरची मुलं संध्याकाळी घरी येऊ लागली. त्यांच्यात सहावीत जाऊनही एकेक अक्षर लावून वाचणारी मुलं आहेत. गणित त्यांना येतं. तोंडी विचारलं तर पटकन सांगतात. छापलेलं उदाहरण समोर आलं की अडतात. अशा मुलाला ‘लांबी’ हा शब्द लागला नाही तर पुढचं क्षेत्रफळ कुठून येणार? पहिलीपासून त्याने पाकळीचा ल गिरवलेला असतो. त्याच्या पुस्तकात दुसरा ल घालणं मला पटेना. दांडीचा ल चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो हिंदीत शोभतोच. पण महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये वर्णमालेचा निर्णय अद्ययावत केला, त्यातही मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं धरली आहेत. आणि शासनाने सांगितलं नसतं तरी मी तोच ल मागितला असता.

लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडे मी आले ती अपूर्णांकांमुळे. साध्या टंकलेखनात अपूर्णांक घातला की ओळ फुगायची, रेघ सरकायची, आणि दुसऱ्या संगणकावर उघडलं की सगळंच विस्कटायचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात गणितात पीएचडी करते. ती म्हणाली, “बाई, तुम्ही लाटेकमध्ये करा. सुरुवातीला जड जाईल, पण गणित दुसरीकडे कुठेच असं दिसत नाही.” दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली, सगळं बसवून दिलं आणि एक नमुना फाइल ठेवून गेली.

यामागची हकीकत तिनेच सांगितली होती आणि ती मला फार भावली. डोनाल्ड नूथ या अमेरिकी गणितज्ञाच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं १९७७ मध्ये आली. छपाईचं तंत्र मधल्या काळात बदललं होतं. आधीच्या आवृत्तीत जी गणितं देखणी दिसत होती ती आता ओबडधोबड आली. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि गणित नीट छापता यावं म्हणून स्वतःच प्रणाली लिहायला घेतली. ती टेक. त्यावर पुढे लेस्ली लँपोर्टने रचली ती लाटेक. त्या मूळ यंत्रणेला जगातल्या सगळ्या लिप्या आणि आजचे फॉन्ट सरळ वापरता येत नव्हते. जोनाथन क्यूने २००४ मध्ये झीटेक आणली तेव्हा ते जमलं, आणि माझ्यासारखीला मराठी थेट मराठीतच टाइप करून छापता येऊ लागली.

काम करायची पद्धत मात्र मला अगदी नवी होती. इथे पान डोळ्यांसमोर तयार होत नाही. आपण साध्या फाइलमध्ये मजकूर लिहायचा, मधेमधे आज्ञा पेरायच्या. आज्ञेच्या आधी उलटी तिरकी रेघ, तिला काय द्यायचं ते महिरपी कंसात, ते कसं हवं हे चौकटी कंसात. मग कंपाइल करायचं आणि पीडीएफ उघडून बघायचं. एक महिरपी कंस मिटायचा राहिला तर सगळं थांबतं. कंसांची मला धास्ती नव्हती, पदावली सोडवण्यात जन्म गेला. धास्ती होती ती पडद्यावर झरझर सरकणाऱ्या इंग्रजी ओळींची. पीडीएफ निघाली म्हणजे झालं, असं समजून मी त्या कधी वाचल्या नाहीत. पुढचा जवळजवळ सगळा त्रास त्यातूनच झाला.

पहिल्याच दिवशी जोडाक्षरं फुटली. ‘क्षेत्र’ लिहिलं तर क ला हलन्त, पुढे सुटा ष. ‘गणित’मधली वेलांटी ण च्या उजवीकडे जाऊन बसली. विद्यार्थिनीने फोनवर सांगितलं, “बाई, फॉन्टच्या ओळीत चौकटी कंसात स्क्रिप्ट बरोबर देवनागरी असं लिहा.” लिहिलं आणि सगळं जागेवर आलं. लिपी सांगितल्याशिवाय यंत्राला जोडाक्षराचे नियम लावता येत नाहीत, हा पहिला धडा. मला वाटलं, आता सांगण्यासारखं काही उरलं नाही.

त्रेचाळीस गोलांचं पान घेऊन मी तिला फोन केला.

“बाई, पान कसं आलंय?”

“अपूर्णांक फार सुरेख आलेत गं. पण ल बघितलास का?”

“ल? ल ला काय झालं?”

मी सांगितलं. तिने तिच्याकडची प्रत उघडली असावी, कारण थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, खरंच की. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझं सगळं लिखाण इंग्रजीत. मला हे कधी लागलंच नाही.” म्हणजे आता मला स्वतःच शोधायचं होतं.

सुरुवात मी कीबोर्डापासून केली. कुठेतरी दुसरा ल असणार, अशी माझी खात्री होती. पूर्वी छापखान्यात श्रीलिपीसारख्या फॉन्टांत काम करताना मी पाहिलं होतं, तिथे अक्षराच्या प्रत्येक तुकड्याला वेगळी कळ असायची. म्हणजे पाकळीच्या ल ची एक कळ, दांडीच्या ल ची दुसरी, असं काहीतरी असेल. मी एकेक कळ दाबून पाहिली, शिफ्टसकट, ऑल्टसकट. दुसरा ल कुठे मिळेना. मग देवनागरीचा युनिकोड तक्ता उघडला. तिथे ल एकच आहे, ०९३२ या क्रमांकावर. श एकच, ०९३६. हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी, संस्कृत, सगळ्यांना मिळून एक. त्याच तक्त्यात र च्या शेजारी नुक्त्याचा ऱ मात्र वेगळा क्रमांक घेऊन बसला होता.

हे मला विचित्र वाटलं. ऱ ला स्वतःची जागा आहे आणि आपल्या ल ला का नाही? रात्री भाकरी करताना त्याचं उत्तर सुचलं. ‘दर्या’ लिहिलं तर समुद्र होतो आणि ‘दऱ्या’ लिहिलं तर डोंगरामधल्या दऱ्या होतात. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतात, ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी येतात. तिथे र चं रूप बदललं की शब्द बदलतो, म्हणून तो फरक लिहिलेल्या मजकुरातच असायला हवा. ‘लांबी’ मात्र दांडीच्या ल ने लिहा की पाकळीच्या, ती लांबीच राहते. मजकूर एकच, फक्त रूप वेगळं. तेव्हा हे रूप मजकुरात शोधून सापडणार नव्हतं. ते फॉन्टात असणार होतं.

हे कळल्यावर मी फॉन्ट बदलायला लागले. संगणकावर असलेले आणि उतरवून घेतलेले मिळून नऊ फॉन्ट लावून पाहिले. दोनांत पाकळीचा ल आपोआप आला, पण एकाची जाडी मुलांच्या पुस्तकाला न सोसणारी, दुसऱ्यात ठळक अक्षर नव्हतंच. बाकीच्या सातांत दांडीचा. त्यांत नोटो सान्स देवनागरी होता. मला तो मनापासून आवडला होता. रेघ सरळ, अक्षरांच्या पोटात मोकळी जागा, मात्रा स्पष्ट, जाडीचे हवे तितके प्रकार. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी असंच अक्षर हवं. फक्त ल तेवढा नको होता.

मग ‘फीचर’ हा शब्द समोर आला. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकृत्यांची पेटी, एवढंच मी धरून चालले होते. आजच्या फॉन्टात आकृत्यांबरोबर नियमही असतात. मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी मिळून १९९६ मध्ये ओपनटाइप ही रचना जाहीर केली, तिच्यात प्रत्येक नियमसंचाला चार अक्षरी इंग्रजी खूण असते. अमुक आकृती अमुक ठिकाणी तमुक आकृतीने बदला, असा तो नियम. एकाच अक्षराच्या दोन-तीन आकृत्या फॉन्टात झाकून ठेवलेल्या असू शकतात आणि योग्य नियम लागला की त्या बाहेर येतात. म्हणजे पाकळीचा ल त्याच फॉन्टात, त्याच फाइलमध्ये असू शकतो. आपण त्याला बोलावलेलं नाही, इतकंच.

कुठल्या फॉन्टात काय आहे ते दाखवणारा ओटीएफइन्फो नावाचा छोटा प्रोग्रॅम लाटेकबरोबरच आलेला होता. काळ्या खिडकीत त्याचं नाव लिहायचं, पुढे एक खूण आणि फॉन्टची फाइल. मी तो चालवला आणि खाली यादी उमटली. ती यादी वाचताना मला काय वाटलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इतके दिवस त्या खिडकीतलं सगळं मला परकं होतं. आता पहिल्याच ओळींत ए-के-एच-एन अशी खूण, आणि तिच्यापुढे तिचं नाव, अखंड. क आणि ष मिळून अखंड क्ष, ज आणि ञ मिळून अखंड ज्ञ, ते हा नियम करतो. खाली एन-यू-के-टी, म्हणजे नुक्ता. एच-ए-एल-एन, हलन्त. आर-पी-एच-एफ, रेफ. ‘वर्ग’मधला र उचलून ग च्या डोक्यावर नेऊन ठेवणारा तो हाच. आपल्या व्याकरणातले शब्द, जगभरच्या देवनागरी फॉन्टांच्या पोटात, रोमन अक्षरांत लिहिलेले. मी ती यादी दोनदा वहीत उतरवून घेतली.

यादीत एल-ओ-सी-एल अशीही एक खूण होती. त्या त्या भाषेची स्थानिक रूपं, असा तिचा अर्थ. हेच हवं होतं. फॉन्टला एखादी खूण थेट देण्याची सोय लाटेकमध्ये आहे. खुणेआधी अधिकचं चिन्ह दिलं की नियम सुरू, वजाबाकीचं दिलं की बंद. मी अधिकचं चिन्ह देऊन ती खूण लिहिली आणि कंपाइल केलं. ‘लसावि’ दांडीचाच. स्पेलिंग तपासलं, ते बरोबर होतं. चिन्हाआधी जागा सोडून पाहिली, मग काढून पाहिली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. ल हलेना.

मग वाटलं, हा नियम वेगळ्या नावाने ठेवला असेल. काही फॉन्टांत ‘शैलीसंच’ असतात, एस-एस आणि पुढे दोन आकडे, एक ते वीस. शैलीसंच एक, दोन, तीन असं मी एकेका फॉन्टावर लावत गेले. एका फॉन्टात पहिल्या संचाने अ बदलला. दुसऱ्यात त्याच क्रमांकाने फक्त इंग्रजी ए बदलला. बहुतेकांत काहीच झालं नाही. यावरून कळलं की या आकड्यांना ठरलेला अर्थ नसतो. फॉन्ट करणाऱ्याने त्या क्रमांकात जे ठेवलं ते निघतं, काही ठेवलं नसेल तर काही निघत नाही. त्या फॉन्टची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय हे आकडे लावणं म्हणजे अंधारात हात घालणं होतं, आणि मी तीन दिवस तेच करत होते.

चौथ्या दिवशी त्याच प्रोग्रॅमला मी दुसरी खूण दिली. नियम कोणते आहेत हे विचारायच्या ऐवजी लिप्या आणि भाषा कोणत्या आहेत ते विचारलं. नोटो सान्स देवनागरीची यादी आली. तीत एका ओळीत देवनागरी, तिरकी रेघ, मराठी. आणखी एका ओळीत देवनागरी, तिरकी रेघ, नेपाळी. मराठी असं नाव घेऊन एक दार त्या फॉन्टात होतं आणि मी कधी ते ठोठावलंच नव्हतं.

गोंधळ कुठे झाला ते तेव्हा उलगडलं. स्थानिक रूपांचा नियम कधी बंद नव्हताच. तो आपोआप सुरू असतो, म्हणून अधिकचं चिन्ह देऊन काही वेगळं होणार नव्हतं. तो वाट बघत होता भाषेची. भाषा सांगितली नाही की तो काही बदलत नाही आणि फॉन्टचं मूळचं रूप देतो. त्या फॉन्टात मूळचं रूप दांडीचं आहे. पण मी भाषा सांगितली नाही म्हणजे काय? कीबोर्ड मराठी, मजकूर मराठी, फाइलचं नावसुद्धा मराठी. आणखी कसं सांगायचं? इथे युनिकोडचा तो तक्ता पुन्हा आठवला. ल एकच. मी कुठल्याही कीबोर्डावरून लिहिला तरी फाइलमध्ये जातो तो ०९३२, आणि त्या आकड्यावर मराठी-हिंदी असं काही लिहिलेलं नसतं. ‘कमल’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे. यंत्राने तो कुठला धरायचा? सांगायला मीच हवी होते.

फॉन्टच्या ओळीत मी लँग्वेज बरोबर मराठी असं लिहिलं. आधीचा मजकूर खोडताना स्क्रिप्टचा भाग चुकून खोडला गेला हे माझ्या ध्यानात आलं नाही. पीडीएफ उघडली तर जोडाक्षरं पुन्हा फुटलेली आणि ल दांडीचा. तेव्हा पहिल्यांदा मी, पडद्यावरच्या त्या इंग्रजी ओळी जिच्यात साठतात ती लॉग फाइल उघडून वरपासून वाचली. मध्येच स्पष्ट लिहिलं होतं, या फॉन्टात या लिपीखाली मराठी ही भाषा मिळत नाही, म्हणून नेहमीची भाषा वापरली आहे. या लिपीखाली! म्हणजे भाषा लिपीच्या पोटात असते. पाकिटावर नुसतं वडगाव लिहिलं तर पत्र पोचत नाही, वडगावं कितीतरी आहेत, तालुका लिहावा लागतो. आधी लिपी देवनागरी, मग तिच्याखाली भाषा मराठी.

दोन्ही लिहिलं. चौकटी कंस मिटला. कंपाइल केलं.

‘लसावि आणि मसावि’. देठ मधोमध, दोन पाकळ्या.

मी ते अक्षर पडद्यावर मोठं करत नेलं, शेवटी पडद्यावर एकटा ल राहिला. डावी पाकळी उजवीपेक्षा किंचित लहान वाटत होती, शेवटाला रेघ थोडी आत वळलेली. कुणीतरी बसून, मोजून हा ल काढला होता आणि फॉन्टात ठेवून दिला होता, मराठी माणूस मागेल म्हणून. त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल मला फार कृतज्ञता वाटली. मग कुतूहल म्हणून भाषेच्या जागी नेपाळी लिहून पाहिलं. ल पुन्हा दांडीचा झाला, पण झ वेगळा आला, ५ आणि ८ यांचीही वळणं बदलली. एकाच पेटीत शेजाऱ्यांच्याही वस्तू जपून ठेवलेल्या.

काम इथे संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळी ९६ पानं काढली तर मजकुरात ल मराठी आणि प्रत्येक प्रकरणाच्या नावात पुन्हा हिंदी. मला कळेना. मथळ्यांसाठी जाड अक्षराचा वेगळा फॉन्ट घेतला होता, त्याची स्वतंत्र ओळ खाली होती आणि तिच्यात फक्त लिपी लिहिलेली. प्रत्येक फॉन्टला भाषा स्वतंत्र सांगावी लागते. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत नाही. पानाच्या माथ्यावरच्या बारीक अक्षरांचंही तेच. गणिताच्या भागातले मराठी अंक तर सुरुवातीला उमटतच नव्हते. गणिताचा फॉन्ट निराळा असतो आणि त्यात देवनागरी अंक नसतात. ‘अमुक फॉन्टात ५ नाही’ अशा ओळी लॉगमध्ये ओळीने लिहिलेल्या होत्या. आता मी त्या वाचत होते, म्हणून तासाभरात निस्तरलं. अंकांना मजकुराच्या फॉन्टात आणणारी छोटी आज्ञा केली आणि ती सगळीकडे वापरली.

मग मी एक तपासणीचं पान केलं. फक्त ल आणि श चे शब्द, जितक्या परीने ते येतात तितके. लांबी, शेवट, किल्ला, मूल्य, अल्प, निश्चित, श्रेणी, विश्व, शून्य, प्रश्न. पूर्ण ल बदलला म्हणजे अर्धा ल बदलला असं होत नाही. आधी पाहिलेल्या एका फॉन्टात ‘लांबी’ पाकळीची येते आणि ‘मूल्य’मधला अर्धा ल दांडीच्या ल चा निघतो. ज्याने तो केला त्याच्याकडून तेवढं राहून गेलं असणार. हे पान मी आता प्रत्येक नव्या फॉन्टावर आधी छापते. ज्यांना मराठीसाठी फॉन्ट निवडायचा आहे त्यांनी ‘किल्ला’ आणि ‘निश्चित’ हे दोन शब्द तरी छापून बघावेत, एवढं मी आवर्जून सांगेन.

दुसऱ्या एका गोष्टीने मी काही दिवस अस्वस्थ होते. पीडीएफमधून एक परिच्छेद उचलून मी बहिणीला फोनवर पाठवला तर तिच्याकडे ल पुन्हा दांडीचा. इतकं करून ते टिकत नाही की काय? पण टिकण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी पाठवला तो मजकूर, ०९३२. तिच्या फोनने त्याला स्वतःच्या फॉन्टातलं रूप दिलं. पीडीएफमध्ये मात्र जेवढ्या आकृत्या वापरल्या तेवढ्या फॉन्टसकट आत भरलेल्या असतात, म्हणून छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी पान बदलत नाही. छापखान्यात फाइल उघडताना मी शेजारी उभी राहिले. ‘लसावि’ वाचला आणि मगच घरी आले.

पुस्तिका छापून आली त्या आठवड्यात विद्यार्थिनीचा फोन आला. तिचा प्रबंध लिहून झाला होता. सगळा इंग्रजीत, फक्त अर्पणपत्रिका तिला मराठीत हवी होती.

“बाई, ती तुमची ओळ पाठवाल का? आईच्या नावात श पण आहे आणि ल पण.”

मी ओळ पाठवली आणि खाली लिहिलं, आधी लिपी लिही, मग भाषा, आणि कंपाइल झालं की लॉग वाच.